डोंबिवलीहून एका दिवसात मुरूड-जंजिरा, सोबत आई (वय ७१): कोणी केलंय का?

वाटसरू_डोंबिवली
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जंजिरा पाहून यायचा विचार आहे. आम्ही चौघं: मी, बायको, मुलगी (वय १०) आणि आई. आईने तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं. चौथीच्या वर्गाला दर वर्षी सिद्दी आणि जंजिरा शिकवला, पण किल्ला प्रत्यक्ष बघायचा राहून गेला. गुडघ्यांचं दुखणं आहे. सपाटीवर अर्धा तास चालते, चढउतार मात्र त्रासाचा होतो.

आमच्याकडे गाडी नाही. बजेट चौघांचं मिळून ४,०००, जेवणासकट. बायकोला दुसऱ्या दिवशी ड्युटी आहे, त्यामुळे मुक्काम जमणार नाही. दोनच प्रश्न आहेत. गेटवेहून मांडव्याची बोट आणि पुढे एसटी, असं एका दिवसात होतं का? आणि राजापुरीहून शिडाच्या होडीने गेल्यावर किल्ल्याच्या दारात उतरायला जड जातं असं ऐकलंय, ते कितपत खरं?

कोकणवेडा
एका दिवसात अजिबात करू नका. आम्ही गेल्या जानेवारीत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला गेलो. तासाभरात पलीकडे! काशीदला दोन रात्री राहिलो, समुद्राकडची खोली, रात्रीचे ९,०००. पण पैसा वसूल. पहाटे खिडकी उघडली की समोर नुसतं पाणी. तिसऱ्या दिवशी आरामात जंजिरा. असं करा.

मीनल_ठाणे
वाटसरूदादा, आईंना किल्ल्यात नेऊ नका. मनापासून सांगतेय. दोन वर्षांपूर्वी आम्ही सासूबाईंना नेलं होतं. दाराशी होडी नुसती झोके खाते, धरायला धड काही नाही, आणि मागचे लोक "चला चला" करतात. सासूबाईंचा पाय शेवाळावरून सटकला, नडगी सोलवटली, आणि त्यांना धरायच्या गडबडीत माझा मोबाईल पाण्यात गेला. पुढचा तासभर त्या दारातच बसून होत्या. त्यापेक्षा आईंना राजापुरीच्या धक्क्यावर बसवा. किल्ला तिथून समोर दिसतो.

राजाभाऊ_पार्ले
एवढ्या लांब कशाला जाता? घारापुरीला जा. गेटवेहून तासभर बोट, उतरलं की छोटी आगगाडी, वर चढायला शंभर-सव्वाशे पायऱ्या आहेत पण डोली मिळते. माझ्या वडिलांना ऐंशीव्या वर्षी नेलं होतं डोलीतून. सदाशिवाच्या मूर्तीसमोर ते दहा मिनिटं हात जोडून उभे होते. १९८७ पासून जागतिक वारसा आहे. फक्त सोमवारी लेणी बंद असतात.

वाटसरू_डोंबिवली
राजाभाऊ, घारापुरी दोनदा झालंय, आईला जंजिराच बघायचा आहे. कोकणवेडा, गाडी नाही हो आमच्याकडे.

कोकणवेडा
मग भाड्याने घ्या. ड्रायव्हरसकट ७-८ हजारांत मिळते. ज्येष्ठ माणूस सोबत असताना एसटीचे हाल नकोत.

गडप्रेमी
जंजिऱ्याला जाणार असाल तर तो समजून घेऊन जा. गाईडने दाखवलेल्या तीन तोफा बघून परत येऊ नका. मूळ शब्द अरबी 'जझीरा', म्हणजे बेट. आधी कोळ्यांचा राजा रामा पाटील याचा मेढेकोट, म्हणजे लाकडी खांबांचा कोट, होता तिथे. पुढे सिद्दींनी दगडी किल्ला उभा केला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगड टाकून थेट किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती! मोगल कोकणात उतरले म्हणून ते काम सोडावं लागलं, नाहीतर इतिहास वेगळा असता. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत किल्ला सिद्दींकडेच राहिला. दाराजवळ शरभाचं, म्हणजे वाघासारख्या कल्पित पशूचं शिल्प आहे, त्याने चार पंजांत चार हत्ती धरलेत. ते चुकवू नका.

मीठभाकर
हत्ती सहा आहेत. चार पंजांत चार, एक शेपटीत, एक तोंडात.

गडप्रेमी
मी पाच वेळा गेलोय. चार.

मीठभाकर
मीही गेलोय, आणि फोटो काढून घरी मोठा करून पाहिलाय. शेपटीतला पटकन दिसत नाही कारण दगड झिजलाय. पुढच्या वेळी दुपार कलल्यावर बघा, तिरप्या उन्हात उठून दिसतो.

सुनंदा_पनवेल
हत्ती किती का असेनात, भरपूर ऊन असतं आत. टोप्या आणि पाणी न्या. आत खायलाप्यायला काही मिळत नाही. गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत, चहूबाजूंनी खारं पाणी असून. पण ते बघायचे, प्यायचे नाहीत. आणि मीनलताई म्हणतात ते बरोबर आहे, उतरताना सांभाळा.

नाखवा_मुरूड
माझं घर मुरूडला. वर बरंच लिहिलंय, पण भरतीबद्दल कोणीच बोललं नाही आणि सगळं त्यावरच आहे.

ओहोटीला दारासमोरच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्या कायम ओल्या आणि शेवाळलेल्या. होडी खाली, पायरी वर. मीनलताईंच्या सासूबाईंचं तसंच झालं असणार. भरतीला होडी वर येते आणि तिची कड कोरड्या पायरीच्या जवळपास पातळीला लागते. तेव्हा दोघांनी काखेत धरलं की म्हातारं माणूसही उतरतं. आमच्या घरची माणसं उरुसाला अशीच जातात.

भरतीची वेळ काढायचा आमचा जुना हिशोब: तिथीला पाऊणने गुणा. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे दुपारी पाऊणच्या आसपास. तुम्हाला राजापुरीला बारा-साडेबारा होणारच, तर पौर्णिमा किंवा तिच्या दुसऱ्या दिवसाची तारीख धरा. डिसेंबरात दत्तजयंती येतेच. वारा जास्त असेल तर मात्र होडीवाल्याचं ऐका, तो नाही म्हणाला तर नाही.

दुसरं, येताना बोटीने या पण परत जाताना मांडव्याची शेवटची बोट गाठायच्या भानगडीत पडू नका. मुरूड ते अलिबाग एसटीला दोन तास धरा, त्यात रेवदंड्याला अडकलात की गेली बोट. अलिबागहून पनवेलची एसटी पकडा. पनवेलहून डोंबिवली तुम्हाला जवळच आहे.

तिसरं, होडीवाले किल्ल्यात पाऊण-एक तासच देतात. आईंना घेऊन तेवढ्यात बालेकिल्ला होणार नाही. त्यांना दाराशी सावलीत बसवा आणि तुम्ही आळीपाळीने फिरून या.

हेमंत_के
रो-रोच घ्या हो. मस्त आहे. वरच्या डेकवर चहा प्यायचा, सीगल बघायचे.

मीनल_ठाणे
नाखवादादा, आम्ही गेलो तेव्हा ओहोटीच होती. हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तरी माझं मत तेच, गुडघेदुखीत धोका घेऊ नये. हाड मोडलं तर काय करणार?

आजी_आणि_नातू
एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. मुलीचंही अर्धंच लागेल. म्हणजे तुम्हा चौघांत पूर्ण तिकीट एकट्या वाटसरूंचं. आणि मांडव्याच्या कॅटामरानच्या (गेटवेहून सुटणाऱ्या बोटीच्या) तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, वेगळे पैसे काढू नका. मी आणि नातू असेच जातो.

गडप्रेमी
सोबत पद्मदुर्गही करा. शिवाजी महाराजांनी हा किल्ला जंजिऱ्याच्या समोर मुद्दाम बांधला. त्याच्या तटाचे दगड लाटांनी झिजलेत, पण मधला चुना तसाच टिकून आहे. ते बघितल्याशिवाय मुरूडला गेलो म्हणू नये.

नाखवा_मुरूड
पद्मदुर्गाला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. आईंना घेऊन नको.

राजाभाऊ_पार्ले
म्हणूनच म्हणतोय, घारापुरी.

वाटसरू_डोंबिवली
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. मीनलताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "धक्क्यावर बसून बघायचं असतं तर पुस्तकातलं चित्र पुरलं असतं."

आमचं ठरलंय ते असं: मुक्काम नाही, गाडी नाही, आणि आई सोबत येणार. उतरायचं की नाही ते दारात गेल्यावर ती स्वतः ठरवेल, आम्ही आग्रह करणार नाही आणि अडवणारही नाही. बहुतेकांनी उलटं सांगितलंय हे मला माहीत आहे, राग मानू नका. नाखवादादा, दत्तजयंतीनंतरचा दिवस पक्का केला आहे.

कोकणवेडा
तुमची इच्छा. पण दमणूक होईल बघा.

वाटसरू_डोंबिवली
परवा जाऊन आलो. पहाटे पाचला घर सोडलं, रात्री साडेदहाला परत. दमणूक झाली हे खरं, कोकणवेडा. आईचे पाय सुजले होते, काल दिवसभर शेकत बसली होती. खर्च ३,८६०. त्यात सुरमईची दोन ताटं, दोन शाकाहारी आणि मुरूड-राजापुरी रिक्षा धरून.

राजापुरीला पोचायला साडेबारा वाजून गेले. पाणी भरलेलं होतं. होडीवाल्या काकांना गुडघ्याचं सांगितलं तर त्यांनी आईला सगळ्यांत शेवटी उतरवायचं ठरवलं. बाकीचे वर गेल्यावर होडी मोकळी झाली, त्यांनी दोर आवळून धरला, एक मुलगा पायरीवर उभा राहिला आणि मी मागे. आईने आधी काठी पायरीवर टेकवली, मग उजवा पाय. बस, उतरली. मीनलताई, तुम्ही लिहिलं होतं म्हणूनच मागून लोटणारं कोणी ठेवलं नाही.

ती दाराच्या आतल्या सावलीत बसून राहिली. मी आणि मुलगी कलालबांगडी तोफेपर्यंत जाऊन आलो. आत आता नुसते पडके वाडे आणि झाडी. एकेकाळी तीन मोहल्ल्यांची वस्ती होती तिथे, हे मुलीला खरंच वाटेना. परत आलो तर आईभोवती सहलीला आलेली सात-आठ मुलं जमलेली. ती त्यांना लाय पाटलाची गोष्ट सांगत होती: शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत यांच्या माणसांसाठी त्याने रात्री तटाला शिड्या लावल्या, महाराजांनी पालखी देऊ केली, आणि कोळ्याला पालखी काय कामाची म्हणून त्याने ती नम्रपणे नाकारली, तेव्हा महाराजांनी त्याला 'पालखी' नावाचं गलबत बांधून दिलं. त्यांच्या बाईही उभ्या राहून ऐकत होत्या.

निघताना शिल्पासमोर थांबलो. मुलीने बोट लावून हत्ती मोजले. सहा आहेत. आई म्हणाली, "मी इतकी वर्षं वर्गात चारच सांगत आले."

गडप्रेमी
तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मीही बऱ्याच मुलांना चार सांगितलेत. मीठभाकर, तुमचा तो फोटो टाका ना इथे.

प्रिया_नाशिक
छान धागा. आम्ही नाशिकहून मेच्या शेवटी येतोय, सात जण. पावसामुळे होड्या कधीपासून बंद होतात? मुक्कामासाठी काशीद बरं की मुरूड?