मदत हवी आहे: बंद वाड्यात वीज नाही आणि लॅपटॉप दोन तासही टिकत नाही (उबंटू २२.०४)

विश्वामित्रीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न बॅटरीचा आहे, पण आधी परिस्थिती सांगते, म्हणजे "प्लग लावून काम करा" हे उत्तर येणार नाही.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागे आमचा जुना वाडा आहे. सहा वर्षं बंद आहे, विजेचं मीटरही काढून नेलंय. माळ्यावर पणजोबांची ट्रंक आहे. ते सयाजीराव महाराजांच्या काळात सरकारी नोकरीत होते. पत्रं, घरचे हिशेब, टिपणं, सगळं मोडीत. वाटणी होईपर्यंत ट्रंकेतला एकही कागद वाड्याबाहेर न्यायचा नाही असं भावंडांचं ठरलंय आणि ते मला मान्य आहे. किल्ली आत्याकडे. ती आठवड्यातून दोनदा सकाळी सात ते साडेदहा माझ्यासोबत येऊन बसते. तेवढाच वेळ मिळतो. छप्पर गळतं, म्हणून पावसाच्या आत जमेल तितकं उरकायचं आहे.

लॅपटॉप सेकंड हँड घेतलेला आहे. आठव्या पिढीचा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं छोटं ग्राफिक्स कार्डही आहे. उबंटू मीच टाकलं. स्कॅनर यूएसबीवरच चालणारा, त्याला वेगळा अडॅप्टर नाही.

अडचणी दोन. एक, पूर्ण चार्ज करून नेला तरी एक तास पन्नास मिनिटांत बंद पडतो. दुसरी, रात्री चार्ज करून झाकण मिटून ठेवला की सकाळी ७० टक्क्यांवर आलेला असतो आणि पिशवीत गरम लागतो.

आतापर्यंत केलेलं: बॅटरी वाचवणारं टीएलपी टाकलं, एका व्हिडिओत सांगितलं म्हणून तशाच कामाचं ऑटो सीपीयूफ्रीक टाकलं, वीज कुठे जाते ते दाखवणाऱ्या पॉवरटॉपचं ऑटो ट्यून चालवलं. फरक शून्य. उलट माउस मध्येच थांबतो आणि दोनदा स्कॅन अर्ध्यावर तुटलं. स्टेशनकडच्या एका दुकानात दाखवला, तिथे मदरबोर्ड बदला म्हणाले. तेवढे पैसे आत्ता नाहीत.

साडेतीन तास मिळाले तरी पुरे. कुठून सुरुवात करू?

टर्मिनलवाला

मदरबोर्ड लगेच बदलू नका. आधी दोन आकडे द्या, त्याशिवाय सगळं अंदाजपंचे होईल.

टर्मिनलमध्ये यूपॉवर या कमांडला बॅटरीची माहिती विचारा. त्यात एनर्जी फुल आणि एनर्जी फुल डिझाइन असे दोन आकडे वॉट-तासांत येतात. पहिला म्हणजे आज बॅटरीत किती मावतं, दुसरा म्हणजे नवी असताना किती मावायचं. मग चार्जर काढा, नेहमीचं काम उघडा, स्कॅनर जोडा, पाच मिनिटं थांबा आणि एनर्जी रेट बघा. मशीन किती वॉट खातंय ते तिथे कळेल. पहिल्या आकड्याला वॉटने भागलं की तास निघतात.

विश्वामित्रीकाठ

फुल २९.६, डिझाइन ४८. रेट १५ ते १६ च्या मध्ये फिरतोय. भागाकार केला, साधारण एक तास पन्नास मिनिटंच आली! म्हणजे बॅटरी खोटं बोलत नाहीये.

टर्मिनलवाला

नाही बोलत. बॅटरी ६२ टक्क्यांवर आली आहे, जुन्या मशीनला हे साहजिक आहे. पण खरा घोळ त्या १५ वॉटमध्ये आहे. या पिढीचा लॅपटॉप नुसतं टायपिंग करताना सहासात वॉटमध्ये चालायला हवा.

माझा पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर. सेटिंग "ऑन डिमांड" असेल तर आपल्याला वाटतं की गरज नसताना कार्ड झोपतं. पण तुमच्या लॅपटॉपच्या काळातली बरीच कार्डं त्या सेटिंगमध्ये पूर्ण बंद होत नाहीत, नुसती बसून काही वॉट खातात. कार्डाच्या पीसीआय फोल्डरात पॉवर नावाचा उपफोल्डर असतो, त्यातली रनटाइम स्टेटस ही फाइल वाचा. "सस्पेंडेड" असेल तर माझा संशय चुकला. "ॲक्टिव्ह" असेल तर प्राइम सिलेक्ट ही कमांड वापरून प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सवर जा आणि रीस्टार्ट करा. तुमच्या कामाला त्या कार्डाची गरज नाही.

दुसरं, तीन-तीन औषधं एकत्र घेऊ नका. टीएलपी आणि ऑटो सीपीयूफ्रीक दोघंही प्रोसेसरची तीच बटणं फिरवतात. उबंटूसोबत पॉवर प्रोफाइल्स डीमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) आधीच येतो, म्हणजे तिसरा. एकच ठेवा. मी टीएलपी ठेवेन. ऑटो सीपीयूफ्रीक काढून टाका आणि डीमन सिस्टिमसीटीएलने मास्क करा, म्हणजे तो सुरूच होणार नाही.

कारेलीबागकर

माउस थांबतो तो पॉवरटॉपच्या ऑटो ट्यूनमुळे. ते सरसकट सगळ्या यूएसबी वस्तूंना झोपवतं. टीएलपी माउस आणि कीबोर्ड आपोआप वगळतं, पण स्कॅनरला वगळेलच असं नाही. एलएसयूएसबी कमांड दिली की प्रत्येक वस्तूपुढे कोलनने जोडलेला आयडी दिसतो. स्कॅनरचा आयडी टीएलपीच्या कॉन्फ फाइलमध्ये यूएसबी डिनायलिस्टच्या (वगळायच्या वस्तूंच्या यादीच्या) ओळीत लिहा. अर्धवट स्कॅन थांबायला हवं.

एक विचारतो, राग मानू नका. मोबाइलने फोटो काढून घरी पंख्याखाली बसून का नाही वाचत?

विश्वामित्रीकाठ

राग कसला. फोटोही काढतेच आहे. पण काही पानांवर शाई इतकी उडाली आहे की कागद खिडकीसमोर धरला तरच अक्षर दिसतं, आणि मागच्या बाजूचं अक्षर पुढे उमटलंय ते कागद हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मोडीत एकतर शब्द तोडलेले नसतात, शिरोरेघ आधी आखून त्याखाली सलग लिहीत गेलेले असतात. एक अक्षर चुकलं की पुढची ओळ भरकटते. म्हणून वाचून तिथेच बाळबोधीत उतरवते.

कार्ड "ॲक्टिव्ह" होतं! इंटेलवर नेलं, ऑटो सीपीयूफ्रीक काढलं, डीमन मास्क केला. स्कॅनरसकट रेट १०.२ वर आला. मला रडूच आलं खरं तर.

लष्करकर

ग्वाल्हेरहून वाचतोय. आमच्याकडेही असेच कागद होते, आजोबांच्या पश्चात पाण्यात गेले. तुम्ही करताय ते फार मोलाचं आहे.

स्कॅनरचा हिशेब करा. यूएसबी २ चं पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपियरपर्यंत देतं, म्हणजे अडीच वॉट. तुमच्या दहातले दोनेक तिकडे जात असतील. स्कॅनर सतत जोडून ठेवू नका. दहाबारा कागद सलग स्कॅन करा, केबल काढा, मग टायपिंगला बसा.

वाड्यात वायफाय नसणारच, मग लॅपटॉपचं वायफाय बंद. ब्लूटूथही. फाइल इंडेक्स करणारा ट्रॅकर दर नव्या स्कॅनवर धावत असेल, तो त्या फोल्डरपुरता थांबवा.

अवधूत_४२

डार्क थीम लावा, बॅटरी वाचते.

लष्करकर

ओएलईडी पडद्यावर वाचते. साध्या एलसीडीला मागचा दिवा तेवढाच जळतो, पान काळं असो की पांढरं. पडद्याची चकाकी कमी केली तर मात्र वाचते. ताई खिडकीशी बसतात, तर पडद्याची पाठ उजेडाकडे न करता उजेडाला काटकोनात बसून बघा, कमी चकाकीतही नीट दिसेल.

अवधूत_४२

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आणि प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर "पॉवरसेव्ह" केला तर मशीन कायम सगळ्यात कमी वेगाने चालेल ना?

टर्मिनलवाला

इंटेल पीस्टेट ड्रायव्हर ॲक्टिव्ह मोडमध्ये असेल तर नाही. तिथे पॉवरसेव्ह नावाचा गव्हर्नरही गरजेनुसार वेग चढवतो-उतरवतो. ताईंनी टीएलपीमध्ये बॅटरीवर असताना टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद करावा, एवढं पुरे. वेगाची कमाल मर्यादा ओढून खाली आणू नका. काम लवकर संपवून प्रोसेसर झोपला तर तेच स्वस्त पडतं.

आता झाकणाचा प्रश्न. सिस फोल्डरात पॉवर, त्यात मेम स्लीप ही फाइल वाचा. कंस कोणत्या शब्दाभोवती आहे?

विश्वामित्रीकाठ

एस टू आयडल भोवती. शेजारी "डीप" हा शब्दही आहे, कंसाबाहेर.

टर्मिनलवाला

छान, मग सोपं आहे. एस टू आयडलमध्ये प्रोसेसर नुसता रिकामा बसतो, एखादी वस्तू नीट झोपली नाही तर मशीन पिशवीत तापतं. डीपमध्ये बाकी सगळं बंद होऊन फक्त रॅमला वीज मिळते. आधी तात्पुरतं तपासा: त्याच फाइलमध्ये रूट (ॲडमिन) म्हणून "डीप" लिहा, झाकण मिटा, उघडा. पडदा, वायफाय, टचपॅड सगळं परत आलं तर मशीन सुरू करणाऱ्या ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत मेम स्लीप डीफॉल्ट, मग बरोबरचं चिन्ह, मग डीप असं घाला आणि अपडेट ग्रब चालवा. जागं होताना काही बिघडलं तर रीस्टार्ट करा, तात्पुरता बदल निघून जातो.

कारेलीबागकर

रात्रभरासाठी सरळ शटडाउन करावं हे माझं मत. झाकण मिटणं हे वाड्यात वीस मिनिटं नुसता कागद वाचताना उपयोगाचं. हायबरनेटच्या (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून बंद होण्याच्या) मागे आत्ता लागू नका, त्याला डिस्कवर पुरेशी स्वॅप जागा लागते आणि सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल ते करूच देत नाही.

बॅटरीबद्दल: घरी प्लगवर असताना चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं का बघा. बॅटरीच्या फोल्डरात चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड अशी फाइल असेल तर जमेल, नसेल तर तुमच्या मॉडेलवर सोय नाही. लिथियमची बॅटरी भरलेली आणि गरम अशी ठेवली की लवकर म्हातारी होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा भर दुपारी खिडकीत ठेवून चार्ज करू नका. वाड्यात जायच्या आदल्या रात्री टीएलपीचं फुलचार्ज वापरा, त्या एका वेळेपुरतं शंभरपर्यंत जातं.

आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा खालचं झाकण फुगलं तर त्या क्षणी वापर थांबवा. तिथे काटकसर नको.

विश्वामित्रीकाठ

पाहिलं, फुगलेली नाही. थ्रेशोल्डची फाइल आहे, ८० लावलं.

काल वाड्यात गेले होते. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं: स्कॅन दोन टप्प्यांत, एरवी केबल काढलेली, वायफाय-ब्लूटूथ बंद, टर्बो बंद, खिडकीला काटकोनात बसले. टायपिंग करताना रेट ६.५ ते ७ दाखवत होता. सात वाजता १०० टक्के, दहा पंचविसाला आत्या उठली तेव्हा ८ टक्के उरले होते. एकही स्कॅन तुटलं नाही. मध्ये तीनदा झाकण मिटलं, डीप झोपेतून प्रत्येक वेळी नीट उठला.

पहिला गठ्ठा पूर्ण झाला, ४१ कागद. त्यात पणजीच्या हातचं एक पत्र निघालं. ती मोडी लिहीत होती हे आत्यालाही ठाऊक नव्हतं. तिने ते दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

लष्करकर

पत्राच्या दोन्ही बाजू स्कॅन केल्यात ना? पत्ता आणि तारीख बऱ्याचदा मागे असते. आणि स्कॅनच्या प्रती त्या लॅपटॉपव्यतिरिक्त आणखी दोन ठिकाणी ठेवा.

विश्वामित्रीकाठ

मागची बाजू राहिली होती! गुरुवारी आधी तीच करते. प्रतींसाठी आजच पेनड्राइव्ह आणते, एक आत्याकडे ठेवीन.