थडगं, समाधी, कबर की नुसतं दफन? (शांगशुंगच्या निमित्ताने)

खापरवेडा: पश्चिम तिबेटातल्या शांगशुंग राज्यावर लिहितोय, ७व्या शतकात स्रोंगत्सेन गाम्पोने गिळलं ते, कैलासच्या बाजूचं. गुरुग्याम मठाजवळ ४३०० मीटरच्या आसपास जमिनीखाली माणसं पुरलेली सापडली, सोन्याचा मुखवटा, चिनी अक्षरं विणलेलं रेशीम, आणि चहाची पानं, तीही साधारण १८०० वर्षांपूर्वीची! पण या जागेला म्हणायचं काय? समाधी लिहिलं की वाचणारा हात जोडतो.

सातारकरीण: समाधी नकोच, ती साधुसंतांची नाहीतर राजांची. थडगंही नको, कारण थडगं म्हटलं की वर चौथरा दिसायला लागतो आणि इथे सगळं जमिनीखाली. कबर चालेल पण तिला धर्माचा वास येतोच. खोदकामवाले सरळ 'दफन' म्हणतात आणि त्याचं अनेकवचनही करतात, 'दोन दफनं मिळाली' असं. पुणे जिल्ह्यात इनामगावच्या खोदकामात घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या मडक्यांत लहान मुलं पुरलेली होती, त्यालाही दफनच म्हणतात की.

खापरवेडा: ठरलं, दफन. मग पेपरात 'आकाशदफन' येतं, म्हणजे मृतदेह गिधाडांना द्यायची तिबेटी पद्धत, त्याचं काय करू?

अण्णा_नागपूर: तो शब्द मला भयंकर खटकतो. गिधाडांना द्यायचं त्यात दफन कुठलं आलं! आणि गोंधळ वाढतो, कारण शांगशुंगचे लोक पुरायचे. नेपाळच्या मुस्तांगमधल्या सामझोंगला तर दोन्हीच्या मधलं काहीतरी आहे, हाडांवर मांस सोलल्याच्या सुरीच्या खुणा आहेत आणि मग ती हाडं गुहेतल्या दफनांत ठेवलेली, तिथेही मुखवटा मिळालाय. आपल्या उत्तराखंडात मलारीलाही सोन्याचा मुखवटा निघाला. अशा ठिकाणी 'मांस काढून पुरणे' असंच लिहावं, लांब झालं तर झालं.

खापरवेडा: आणि वस्तीसाठी 'पांढर' वापरली तर? मला फार आवडतो तो शब्द.

सातारकरीण: आवडतो म्हणून कुठेही नाही हो घालायचा 😄 पांढर म्हणजे माणसं राहून राहून राखेने, शेणामातीने पांढुरकी झालेली गावठाणाची माती, काळीच्या म्हणजे शेतजमिनीच्या उलट. सतलजच्या खोऱ्यात ख्युंगलुंगला, शांगशुंगची राजधानी मानतात तिथे, कड्यातल्या गुहा आणि दगडी बांधकाम आहे. तिथे वस्ती म्हणा, किंवा गढी. तिबेटी 'खार' म्हणजे किल्लाच, ख्युंगलुंग ङुलखार मधला.

अण्णा_नागपूर: गढीला +१, पण एखादी लहान भिंत दिसली की गढी म्हणू नका, विदर्भात लोक तेच करतात.

नवीन_वाचक: मध्येच विचारतो, झांगझुंग का नाही लिहीत?

सातारकरीण: ते इंग्रजी स्पेलिंग वाचून आलंय. ल्हासाकडे उच्चार शच्या जवळ जातो, शिवाय आपला झ झाडातला घ्यायचा की झेंड्यातला हा वेगळाच वाद. मी शांगशुंग लिहिते, आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात झांगझुंग, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.