शब्दचर्चा: जैवखनिजीकरण की जैवखनिजीभवन?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहून देते आहे. विषय बायोमिनरलायझेशन, म्हणजे सजीव शिंपा, हाडं, दात यांतली खनिजं तयार करतात ते, आणि त्यावरून सुचलेले नवे पदार्थ. मी ‘जैवखनिजीकरण’ लिहिलं, तर घरातूनच हरकत आली: खनिज म्हणजे खाणीतलं, आणि माहीमच्या बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांचा (खायच्या शिंपल्यांचा) खाणीशी काय संबंध? दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद १

हरकत व्युत्पत्तीला धरून आहे. खनि म्हणजे खाण, तिच्यात जन्मलेलं ते खनिज. पण हा शब्द केव्हाच खाणीबाहेर पडला. नाचणीत खनिजं भरपूर असतात म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे खाण येत नाही. शिवाय शिंपेतलं आणि चुनखडीतलं कॅल्शियम कार्बोनेट एकच. ‘खनिज’ खुशाल ठेवा. माझ्या मते खरी मेख शेपटाशी आहे: करण की भवन?

पाण्याचं बाष्पीभवन होतं, गावाचं विद्युतीकरण केलं जातं. भवन आपसूक होतं, करणाला कर्ता लागतो. आता एकशिपी (एका शिंपेसकट केलेलं तिसऱ्यांचं कालवण) करताना उरलेली तिसरीची शिंप हातात घ्या. बिजागरीपासून काठापर्यंत एकामागे एक वळ्या दिसतील. बिजागरीजवळचा भाग सर्वांत जुना, काठ सर्वांत नवा. आतलं मऊ प्रावरण, म्हणजे शिंपेला आतून लागून असलेलं मांसल आवरण, आधी प्रथिनांचा सांगाडा घालतं, समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम तिथवर आणतं आणि स्फटिक कुठे, कोणत्या आकाराचे वाढायचे ते ठरवतं. मोती देणाऱ्या कालवाच्या आतल्या चकाकत्या थराची तर कमालच. तो सुमारे ९५ टक्के ॲरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचाच एक स्फटिकप्रकार. जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या फरश्या, मध्ये प्रथिन आणि कायटिनचा (खेकड्याच्या कवचात असतं त्या चिवट पदार्थाचा) गिलावा. तडा सरळ जाऊ शकत नाही, फरशीफरशीला वळसा घेत दमतो. म्हणून हा थर नुसत्या खनिजापेक्षा कितीतरी चिवट, आणि म्हणूनच तशाच रचनेची सिरॅमिक्स करायचे प्रयत्न चालू आहेत. चुनखडीचा चुना करायला भट्टी ९०० अंशांच्या आसपास तापवावी लागते (मुंबईतल्या आपल्या चुनाभट्टीच्या नावातच ती आहे), आणि कालव हे बांधकाम समुद्राच्या पाण्याइतक्याच तापमानात करतं! याला ‘भवन’ म्हणणं त्या जीवावर अन्याय आहे.

उलट दातांवर किटण चढतं, मुतखडा होतो. क्रियापदंच बघा: चढतं, होतो. तिथे ‘भवन’ चपखल बसतं.

शास्त्रज्ञांनीही हा भेद केला आहे. कायटन नावाच्या, गोगलगायींच्या दूरच्या नात्यातल्या समुद्री प्राण्याच्या दातांत मॅग्नेटाइट हे लोहखनिज असल्याचं १९६२ मध्ये दाखवणाऱ्या हाइन्झ लोवेनस्टाम यांनी १९८१ मध्ये दोन प्रकार वेगळे मांडले: जीवाने सांगाडा घालून घडवलेली खनिजं, आणि जीवाच्या वावरामुळे आजूबाजूला साचणारी. त्यांना जे लांबलचक विशेषणांनी सांगावं लागलं, ते मराठी एका प्रत्ययात सांगते. मला या गोष्टीचा फार आनंद वाटतो.

प्रतिसाद २

मग विटांचं काय? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोबरोबर २०२० मध्ये चंद्रावरच्या मातीसारख्या भुकटीपासून विटा केल्या. त्यात जिवाणू, युरिया आणि चक्क गवारीचा डिंक. जिवाणू युरिया फोडतो, त्यातून कार्बोनेट मिळतं, ते कॅल्शियमशी जुळून कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचाच आणखी एक स्फटिकप्रकार) साचतं आणि माती धरून ठेवतं. इथे कर्ता कोण?

प्रतिसाद १

वीट आपण करतो, पण खनिज होतं. जिवाणू स्वतःसाठी काही बांधत नसतो, युरिया फोडणं हा त्याचा नेहमीचा व्यवहार. म्हणून भवन.

मूळ प्रश्नकर्ती

पटलं. वर मोठ्या अक्षरांत ‘सजीवांची खनिजं’, शिंपा-दातांच्या फलकावर जैवखनिजीकरण, किटण आणि विटांच्या फलकावर जैवखनिजीभवन असं लिहिते. सातवीच्या मुलांना बाष्पीभवन ठाऊक असल्यामुळे फरक सांगायला सोपं जाईल. आता एकच अडलंय. तिसरी आपली शिंप ‘घडवते’ लिहू की ‘बांधते’?

प्रतिसाद २

बांधते. पक्षी घरटं बांधतो तसं. घडवताना बाहेरून ठोकावं, कापावं लागतं; तिसरी आत बसून काठाला भर घालत जाते.