मदत हवी आहे: वावरात जायचा रस्ता शेजाऱ्यांनी अडवला

नमस्कार मंडळी. आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. रस्त्याला लागून नाही. आजोबांपासून शेजाऱ्यांच्या वावरातून आमची बंडी जाते. यंदा पेरणी आटोपल्यावर त्यांनी काटेरी तार ओढली. पायी जा म्हणतात, बंडी-ट्रॅक्टर नाही. आता कापूस वेचणीला आला की गाठोडी डोक्यावर आणायची का? आईच्यानं ते होणार नाही.

वकिलांकडून एवढं समजलं: आधीपासूनचा रस्ता अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे ६ महिन्यांच्या आत दावा. नवीन रस्ता मागायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३, पण तो धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून. आमची वाट वावराच्या मधून जाते आणि गावनकाशात नाही. मग दावा कोणत्या कलमाखाली करावा? वहिवाट दाखवायला आजूबाजूच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे जबाब आणि जागेचा पंचनामा पुरतो का?

आम्हाला वैर नको. धुऱ्यावरून रस्ता दिला तरी चालेल, पण तोंडी शब्दावर आता भरवसा नाही. आपसात लिहून घेतलं तर सातबाऱ्यावर त्याची नोंद होते का? असा दावा कुणी चालवला असेल तर कृपया लवकर सांगा, मुदत संपत आली आहे.