नवी मंडळी (ख्रिस्ती चर्च) सुरू करणारी माणसं आपल्यातूनच कशी ओळखावीत?

प्रश्न: मंडळीत साठेक माणसं. दोन तरुण उत्तम संदेश (प्रवचन) देतात. त्यांनाच शेजारच्या गावी पाठवावं का?

उत्तर १: नुसत्या संदेशावर जाऊ नका. व्यासपीठ गाजवणारा घरोघरी रमेलच असं नाही. कोणी न सांगता नव्या माणसाला घरी जेवायला कोण बोलावतं, कोणाच्या शब्दावर चार जण जमतात, ते पाहा. मग त्याला एक घरगुती प्रार्थनागट द्या, 6 ते 8 जणांचा. वर्षभरात त्याने त्यातूनच दुसरा चालक तयार केला, तर माणूस सापडला. गट फुगला पण सगळं त्याच्याच भोवती फिरतंय, तर थांबा.

उत्तर २: त्याच्या पत्नीचं मतही घ्या, तिला एकटीला गाठून विचारा. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. विश्वासात नवशिक्या असेल तर घाई नको, बायबलमधलं 1 तीमथ्य 3:6 त्यासाठीच आहे. हिशेबही आधी त्याच्याकडून लिहून घ्या, अर्पणाची मोजणी मात्र कायम दोघांनी.

उत्तर ३: एकट्याला धाडू नका. अंत्युखिया शहरातल्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) अशी जोडी पाठवली (बायबल, प्रेषितांची कृत्ये 13), तीही आपली उत्तम माणसं. पाळकांना (मंडळीच्या प्रमुखांना) उत्तम माणसं सोडणं, नेमकं हेच जड जातं!