वेंगुर्ला म्हणजे नुसता समुद्र आणि मासळी का?

शहापूरकर :
शनिवार आला की बेळगावच्या गाड्या हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीचा घाट उतरतात आणि सावंतवाडीहून मालवण नाहीतर गोवा गाठतात. वेंगुर्ल्याला गेलेच तर सागरेश्वरला पाय भिजवायचे, बांगड्याचं ताट हाणायचं, की परत. माझं म्हणणं, बेळगावच्या माणसानं आधी बघायचं बंदर हेच. आपल्या बेळगावच्या लष्करी छावणीचा माल इथंच उतरायचा, रस्त्याला वेंगुर्ला रोड उगाच म्हणत नाहीत. १८८८ च्या सुमाराला मुरगावहून कॅसलरॉक-लोंढ्याकडं रेल्वे आली, माल तिकडं वळला आणि बंदर बसलं. त्याच्याही आधी, १७व्या शतकात, डचांची वखार इथं होती. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना शिधा इथूनच जायचा.

टिळकवाडीकर :
वखारीत जाऊन काय बघायचं तेही सांगा की. जांभ्याच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही, झाडांची मुळं चिऱ्यांच्या सांध्यांतून खाली उतरलीत. घरातली पोरं पाच मिनिटांत गाडीकडं वळतात. त्यापेक्षा मालवणला होडीत बसवा, सिंधुदुर्गावर न्या. १६६४ ते १६६७ मध्ये खडकावर बांधलेला किल्ला, चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड पाण्याच्या विहिरी. पोरांना इतिहास असा डोळ्यांना दिसावा लागतो.

शहापूरकर :
गाव किती वेळा जळलंय ते तरी बघा. १६६४ मध्ये बंड झालं म्हणून शिवाजी महाराजांनी जाळलं, १६७५ मध्ये मोगलांनी. पुढं सावंतवाडीच्या खेम सावंतांनी डच अधिकाऱ्याला भेटायचं निमित्त करून वखारच लुटली. १८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून गाव इंग्रजांकडं गेलं. अशा गावात अखंड वाडे कुठून मिळणार? किल्ला बांधणाऱ्याचा इतिहास सगळे सांगतात, बंदरात हमाली करणाऱ्याचा कोण सांगणार?

खानापूरवाला :
समुद्रापर्यंत कशाला जाता? आमच्या खानापूर तालुक्यातल्या हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघितलासा काय? कदंब राजांची राजधानी घरात आणि हे निघाले डच हुडकायला! (गाडी निघालीच तर मला पण घ्या, बांगड्याला नको म्हणत नाही.)

माहेर आरवली :
मी दोघांच्याही विरोधात. वखार बघा नाहीतर बघू नका, पण आजूबाजूच्या गावांचे 'पॉइंट' करू नका. आरवलीचा वेतोबा काय पॉइंट आहे? त्याला नवसाच्या चपला वाहतात, माणसाच्या पायाला कधीच बसणार नाहीत एवढ्या मोठ्या, जाड कातड्याच्या. देव रात्री गावची राखण करत फिरतो, म्हणून तळवे झिजतात अशी श्रद्धा. सोबत केळ्यांचे घड. आमच्याकडं बायका समोर हात जोडून कौल मागत असतात आणि पाहुणे चपलांशेजारी पाय ठेवून फोटो काढतात! शिरोड्याचंही तेच. १९३० चा मिठाचा सत्याग्रह जिथं झाला ती मिठागरं सोडून सगळे सुरुच्या बनात पार्टीला. गर्दी वाढली की आंबोलीचं काय झालं ते आपण येता-जाता बघतोच.

टिळकवाडीकर :
ताई, फोटोचं पटलं. पण माणसंच आली नाहीत तर शिरोड्याला सत्याग्रह झाला हे कळणार कुणाला? एक जाणता माणूस गावात ठेवा, शंभर रुपये घेऊ दे, मी देतो. रेडीचा यशवंतगड मी असाच नुसता चढून-उतरून आलो, कुणी सांगणारं नव्हतं.

माहेर आरवली :
सांगणारे आहेत हो. देवळाच्या ओसरीवर बसा, दोन शब्द बोला. तुम्ही गाडी चालू ठेवून विचारता, 'बीच कुठाय?'

शहापूरकर :
रेडीपर्यंत गेलात तर तेरेखोल सोडू नका. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी सावंतांकडून घेतलेला किल्ला. नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे आमच्या हिशेबानं महाराष्ट्राच्या बाजूला, तरी आजही गोव्याचा. नकाशावरची रेघ माणसाला विचारून ओढत नाहीत हे आपल्या सीमाभागातल्यांना काय सांगायचं!

खानापूरवाला :
ते राहू दे. गाडी शनिवारी किती वाजता?