मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये दम्याच्या औषधांना शुल्कमाफी मिळते का?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ मँचेस्टरला एमएस्सी करतोय. लहानपणापासून दमा आहे त्याला. व्हिसाच्या वेळी वर्षाला ७७६ पाउंडांच्या दराने आरोग्य अधिभार भरला, त्यात औषधंही आलीच असं आम्ही घरी सगळे धरून चाललो होतो. तसं नाहीये. प्रिस्क्रिप्शनवरच्या दर औषधामागे ९.९० पाउंड. त्याला दोन इनहेलर आणि रात्रीची एक गोळी, म्हणजे एका खेपेला २९.७० पाउंड.

परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना त्याला धाप लागत होती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, रोजचा इनहेलर दिवसाआड घेतोय. पुरवतोय जरा." तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

त्याच्या रूममेटला थायरॉइडची गोळी चालू आहे. त्याला पाच वर्षांचं माफीचं प्रमाणपत्र मिळालंय, त्यावर थायरॉइडचंच नाही, कुठलंही औषध फुकट. दमा मात्र माफी मिळणाऱ्या आजारांच्या यादीतच नाही! ही यादी १९६८ची. २००९ मध्ये कॅन्सर घातला, बाकी जवळपास तशीच. वेल्समध्ये २००७ पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०११ पासून सगळ्यांनाच औषधं मोफत आहेत. माझा भाऊ वेल्समधल्या कार्डिफला शिकत असता तर पूर्ण डोस घेत असता. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

कमी उत्पन्नवाल्यांसाठी एचसी१ अर्ज असतो म्हणे. विद्यार्थी व्हिसावर कुणी तो भरलाय का? व्हिसाला काही अडचण आली का? कुणीतरी त्याला "प्रिस्क्रिप्शनवर माफी आहे म्हणून खूण कर, कोण बघतंय" असंही सुचवलं. तो तसं करणार नाही, पण तिथे नवीन असलेल्या इतरांनीही करू नये. पकडलं तर शुल्क आणि वर १०० पाउंडांपर्यंत दंड होतो.

प्रतिसाद
ताई, एचसी१चा अनुभव नाही, पण तोवर त्याला प्रीपेमेंट सर्टिफिकेट घ्यायला सांगा. वर्षाचे ११४.५० पाउंड, दहा हप्त्यांत भरता येतात. मग कितीही औषधं घ्या. वर्षात बारा औषधं झाली तरी परवडतं, त्याची तर चार महिन्यांतच होतील. मी संधिवातासाठी दरवर्षी घेते. आणि तोवर काउंटरवर पैसे भरलेच तर त्याच वेळी एफपी५७ पावती मागायची. नंतर देत नाहीत, आणि तिच्याशिवाय परतावा नाही.

धागाकर्ती
खूप आभार! आत्ताच फोन लावते त्याला.